कोपऱ्यातला शब्द

सगळ्यात मोठी देणगी देणाऱ्याला खुद्द विजेत्यासोबत रिंगमध्ये उतरू द्यायचं, ही कल्पना मामाची. भाच्याला ती आधी चेष्टाच वाटली.

"मामा, पैसे देऊन मार खायला कोण येईल?"

"मार खायला नाही रे, फोटो काढून घ्यायला. तू नुसतं कुरवाळायचंस. तो घरी जाऊन फ्रेम करेल."

"आणि उगाच कुणाला लागलं तर?"

"तुझ्या मर्जीशिवाय तुझा हात कुणाला लागतो का?" मामा म्हणाला आणि त्याच्या मनगटावरची पट्टी आणखी एक वेढा देऊन घट्ट केली.

भाच्याला तालमीत सगळे डावा म्हणत. त्याच्या डाव्या ठोशाने भल्याभल्यांना गुडघ्यावर आणलं होतं आणि त्याच हाताने त्याने विजेत्याचा पट्टा मिळवला होता. आता त्याने एक घर बांधायला घेतलं होतं. डोक्यावर ठोसे खाऊन खाऊन आतून रिकाम्या झालेल्या जुन्या खेळाडूंसाठी. प्रत्येक तालमीच्या बाकावर असा एखादा बसलेला असतो. त्याला स्वतःची गल्ली आठवत नाही, हातातला कप थरथरतो, शर्टाची बटणं बायको लावून देते. टाळ्या वाजवणारे केव्हाच घरी गेलेले असतात. अशांना सांभाळायला जागा हवी, माणसं हवीत, म्हणून डाव्याने आपल्या बक्षिसांतून जमीन घेतली आणि उरलेल्यासाठी लोकांपुढे हात पसरला. कधी कुणापुढे वाकला नव्हता. या कामासाठी वाकला.

त्याचे स्वतःचे वडीलही तसेच होते, घरी खुर्चीत. पण त्यांचं कारण वेगळं, असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं होतं. खेळ सोडल्यावर मेंदूत ताप गेला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

खरं काय ते तिघांना ठाऊक होतं. त्यातला एक मामा, दुसरी त्याची थोरली बहीण, म्हणजे डाव्याची आई. तिसऱ्याला रिंगमध्ये आणण्यासाठी तर मामाने हा सगळा घाट घातला होता.

त्या तिसऱ्याला जुने खेळाडू पाठीमागे मखमल म्हणत. तोंडावर अर्थात साहेब. तो लढती भरवायचा. आवाज कधी चढवायचा नाही, शिवी कधी द्यायचा नाही. खांद्यावर हात ठेवून असं बोलायचा की माणूस स्वतःहून मान पुढे करायचा. मामाचे भावोजी, म्हणजे डाव्याचे वडील, त्या काळी त्याच्याकडे खेळत. एका लढतीत ते जबड्यावरचा ठोसा खाऊन बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी बजावलं की सहा महिने रिंगचं तोंड पाहायचं नाही. मखमल दवाखान्यात संत्री घेऊन आला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "डॉक्टर घाबरट असतात. मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय, माझी लाज राख." महिना उलटायच्या आत त्याने भावोजींना परगावी, दुसऱ्याच नावाने उभं केलं. कोपऱ्यात मामा होता. दुसऱ्या फेरीनंतर भावोजींना आपला कोपरा कुठला ते सापडेना. लढत थांबवायला मामाने टॉवेल उचलला, तर मखमलने तो हसत हसत त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. "थोडं थांब. लोकांनी तिकिटं काढलीत."

त्या दिवसापासून भावोजी खुर्चीत होते.

मखमल मोठा होत गेला. लढती सोडल्या, इमारती बांधल्या, समारंभांना पाहुणा म्हणून जाऊ लागला. तरुणपणी आपणही चार ठोसे खेळलोय, हे तो प्रत्येक भाषणात सांगायचा, आणि उतारवयातही रोज व्यायाम करून पोट सपाट राखल्याचा त्याला भारी अभिमान होता. हा मासा कुठल्या गळाला लागेल ते मामाला पक्कं माहीत होतं. विजेत्याबरोबर रिंगमध्ये, वर पुण्यकर्म, वर कॅमेरे. आठवडा गेला नाही तोच सगळ्यात मोठी देणगी मखमलची आली. अट एकच: घराच्या पाटीवर नाव त्याचं.

डावा खूश झाला. "मामा, तुझं डोकं चालतं हं."

"कधीकधी," मामा म्हणाला.

आता त्या एका शब्दाबद्दल सांगायला हवं.

समोरच्याचं उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं असतं तोवर आतलं यकृत सुरक्षित. दमलं की कोपर किंचित वर जातं. डोळ्यासमोर ग्लोव्ह्ज नाचत असताना खेळणाऱ्याला ते दिसत नाही, कोपऱ्यात उभ्या असलेल्याला दिसतं. तेवढ्या अवधीत वाक्य बोलायला वेळ नसतो. म्हणून मामाने डाव्याला पोरवयापासून एक शब्द शिकवला होता: "दार!" दार उघडं आहे, आत शिर. मामा पॅड धरून उभा राहायचा, दार म्हणायचा, आणि डावा हात यायचा. इतकी वर्षं, इतक्या वेळा, की आता तो शब्द कानातून डोक्यात जातच नसे. कानातून थेट खांद्यात उतरायचा.

याचं घरात हसं होई. एकदा पाहुण्यांपैकी कुणीतरी "दार लावून घे रे" म्हणालं आणि डाव्याच्या हातातली ताटली भिंतीवर गेली. तेव्हापासून त्या घरात दार हा शब्द बंद. डाव्याची आई, म्हणजे मामाची ताई, कवाड म्हणायची. शेजारणी म्हणायच्या, ही बाई कुठल्या जमान्यात राहते.

त्या शब्दाचा एक नियम होता आणि तो दोघांनीही कधी मोडला नव्हता. मामाने तो उगाच उच्चारायचा नाही, आणि उच्चारला तर डाव्याने शंका घ्यायची नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी मामा बहिणीकडे गेला. ती इस्त्री करत होती. आतल्या खोलीत भावोजी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"पोरगा सांगत होता, देणगी कुणाची आली ते," ताई म्हणाली.

"हं."

"ही शक्कल कुणाची?"

"माझी."

"तू कधीपासून शकला लढवायला लागलास? जन्मभर बर्फाच्या पिशव्या तर भरल्यास."

मामा हसला नाही. तिने इस्त्री उभी केली.

"शपथ आठवते ना? माझ्या गळ्याची घातली होती. त्याला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर तो जाऊन त्या माणसाचा जीव घेईल, आणि मग एक खुर्चीत आणि एक तुरुंगात, असं दोघांचं करत बसेन मी."

"त्याला मी काही सांगणार नाही."

"सांगणार नाहीस. मग करणार काय?"

"कोपऱ्यात उभा राहणार. नेहमीसारखा."

ताईने झालेल्याच बाहीवरून पुन्हा इस्त्री फिरवली. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. ताईसारखी बाई प्रश्न अर्धा सोडते तेव्हा तिला उत्तर कळलेलं असतं.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. पुढच्या रांगेत देणगीदार, मागे तालमीतली पोरं, बाजूच्या बाकांवर ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते जुने खेळाडू, बायकांचे हात धरून. ताई त्यांच्यात बसली होती. निवेदक विनोद करत होता. मखमल आला तो खरोखरच जांभळ्या मखमलीच्या झग्यात. पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि त्याने त्या कौतुकाच्या समजून हात हलवला.

नियम साधे होते. छोट्या छोट्या तीन फेऱ्या, उशीएवढे मऊ ग्लोव्ह्ज, पाहुण्याला शिरस्त्राण. पाहुण्याने हवं तसं मारायचं, विजेत्याने चुकवायचं, फार तर थापटायचं.

पहिली फेरी तशीच झाली. मखमल ठोसे फेकत होता, डावा मान हलवत होता. मधेच त्याने मुद्दाम एक ठोसा गालावर घेतला आणि लटपटल्याचं नाटक केलं. सभागृह खदखदलं. मामा कोपऱ्यात दोरीला धरून उभा होता आणि फक्त एका कोपराकडे बघत होता. ते दोनदा उठलं. दोन्ही वेळा शब्द जिभेवर आला, दोन्ही वेळा त्याने तो गिळला. डाव्याच्या चेहऱ्यावरचं हसू आड आलं. ते पोर आज खरंच आनंदात होतं. मामाला वाटलं, जाऊ दे. घर होईल, भावोजींसारखी माणसं तिथे राहतील, आणि पैसा ज्याने पाप केलं त्याचाच. हाही हिशेब काही वाईट नाही.

घंटा झाली. मखमल स्वतःच्या कोपऱ्यात न जाता धापा टाकत थेट इकडे आला. त्याने मामाच्या खांद्यावर ग्लोव्ह ठेवला. तोच आवाज, तसाच मऊ.

"ओळखलं मी तुम्हाला. तुमचे मेहुणे माझ्याकडे खेळायचे. काय हिंमतीचा माणूस! आज पोराला बघायला हवे होते. असो. वरून बघत असतील."

मामाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच तसं वाटत होतं. माणूस कधीच मेला असेल, असं त्याने केव्हातरी ठरवून टाकलं होतं, आणि इतक्या वर्षांत एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

"हो," मामा म्हणाला. "बघत असतील."

दुसरी फेरी सुरू झाली. मखमलचा दम गेला होता, पण हौस गेली नव्हती. त्याने कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली आणि उजवा हात मागे नेऊन मोठा ठोसा उगारला. कोपर बरगडीपासून सुटलं, चांगलं वीतभर.

"दार!"

मामा ओरडला नव्हता. रोज म्हणायचा तेवढ्याच आवाजात म्हणाला. डाव्याचा हात गेला.

यकृतावरचा ठोसा ज्याने खाल्ला नाही त्याला तो कळत नाही. आधी काहीच होत नाही. मखमलही क्षणभर उभाच होता, चेहऱ्यावर हसूही होतं. मग ते हसू तिथेच ठेवून तो खाली गेला. गुडघे, मग हात, मग कपाळ. तोंड उघडं, श्वास आत येईना. जांभळट पडलेला तो चेहरा मामाने पुरेसा वेळ पाहिला.

डावा आपल्या हाताकडे बघत उभा होता. मग त्याने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. मामाने नजर चुकवली नाही.

डॉक्टर धावले. मखमलने हळूहळू श्वास घेतला, त्याला उठवून बसवलं. आणि मग जे झालं त्याची मामाने कल्पनाही केली नव्हती, इतकं ते गोड होतं. निवेदकाने प्रसंग सावरण्यासाठी माईक मखमलच्या तोंडाशी धरला. शेकडो लोक, सगळे कॅमेरे. रडता येत नव्हतं, रागावता येत नव्हतं. पुण्यकर्म होतं ना! मखमल दोन्ही हातांनी पोट धरून, ओठ ताणून म्हणाला, "खेळ आहे. लागायचंच." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो प्रत्येक टाळीला नमस्कार करायला वाकत होता आणि वाकताना कळवळत होता.

कपडे बदलायच्या खोलीत डाव्याने ग्लोव्ह्ज दातांनीच ओढून काढले. मामा पुढे झाला तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"का बोललात?"

मामाला आधी प्रश्न ऐकूच आला नाही. त्याला फक्त तो 'तुम्ही' ऐकू आला. जन्मापासून या पोराने त्याला तूच म्हटलं होतं.

"चुकून तोंडातून..."

"तुमच्या तोंडातून तो शब्द चुकून येत नाही." डाव्याने शर्ट अंगात चढवला. "मी त्यांची माफी मागून येतो. सगळ्यांसमोर मागतो. म्हाताऱ्या माणसाला मारलं मी. माझ्याच घराच्या कामासाठी आलेल्या माणसाला!"

"नको."

"नको काय? हात जोडणार आहे मी त्यांच्यापुढे."

मामाने सगळं सोसलं असतं. पोराने शिव्या दिल्या असत्या तर खाल्ल्या असत्या. पण भावोजींचा मुलगा मखमलपुढे हात जोडून उभा, हे दृश्य त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि शपथ तिथल्या तिथे मोडली. त्याने सांगितलं. दवाखान्यातली संत्री, परगावची लढत, दुसऱ्याचं नाव, टॉवेल. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. डावा बाकावर बसून ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं:

"ताप आला होता की नाही?"

"नाही."

डावा उठला. मामाने त्याचा दंड धरला. "तुझ्या आईला हीच भीती होती. हात उचलू नकोस."

"हात तर तुम्ही आधीच उचलवलात," डावा म्हणाला आणि दंड सोडवून घेतला.

मखमल डॉक्टरांच्या खोलीत आडवा होता, पोटावर बर्फाची पिशवी. काही मोडलं नव्हतं, दोन दिवस दुखेल, असं सांगून डॉक्टर बाहेर गेले. डाव्याने खुर्ची ओढली आणि अगदी पलंगाजवळ बसला. मामा भिंतीला टेकून उभा राहिला.

"मनाला लावून घेऊ नका," मखमल म्हणाला. "तुमच्या वडिलांचा मला फार लळा. गुणी माणूस. फार लवकर गेले."

"गेले नाहीत. घरी आहेत. आई त्यांना चमच्याने भरवते."

इतक्या वर्षांत मामाने मखमलला पहिल्यांदा शब्दाविना पाहिलं.

"पाटीचं ठरवायला आलोय," डावा म्हणाला. "तुमची अट मान्य आहे. नाव तुमचंच, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. त्याखाली एक ओळ येईल."

"कसली?"

"'यांनी रिंगमध्ये उतरवलेल्या खेळाडूंसाठी.'"

मखमलने पिशवी बाजूला सारून उठायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. "शब्द जरा बदलूया. वाचणारे भलतंच समजतील."

"यातला कुठला शब्द खोटा आहे?"

"खोटा असं नाही..."

"मग तीच ओळ राहील. तुम्हाला नको असेल तर बाहेर वार्ताहर थांबलेत. देणगी मागे घेतोय आणि का घेतोय, ते त्यांना तुम्हीच सांगा. तुमचा आवाज चांगला आहे, तुम्हाला जमेल."

मखमलने मामाकडे पाहिलं. मदतीसाठी पाहिलं असावं. मामाने बर्फाची घसरलेली पिशवी उचलली आणि नेमकी दुखऱ्या जागी, जरा दाबूनच ठेवली.

"ठेवा," मखमल अखेर म्हणाला. "ठेवा ती ओळ."

बाहेर आल्यावर डावा मामाशी बोलला, भिंतीकडे बघत.

"त्याचं झालं. आता तुमचं. उद्यापासून माझ्या कोपऱ्यात येऊ नका."

"माझं ऐक..."

"त्याने बाबांचं अंग वापरलं. तुम्ही माझा हात वापरलात. मला सांगितलं असतंत तर मी काय करायचं ते मी ठरवलं असतं. तुम्ही मला पॅडवरचं पोर समजलात."

तो कोपरा हे मामाचं सगळं आयुष्य होतं, आणि तो शब्द उच्चारताना त्याला त्याची किंमत माहीत होती. माहीत असणं वेगळं आणि देणं वेगळं, हे त्याला आत्ता कळत होतं.

डावा गाडी आणायला गेला. ताई खांबाशी उभी होती, पदराने तोंड झाकून. रडत असेल असं वाटून मामा जवळ गेला, तर ती रडत नव्हती.

"लागलं का रे त्याला?"

"लागलं."

"जोरात?"

"बसता येत नाहीये."

"तोंडावर मारायला हवं होतं," ताई म्हणाली. "महिनाभर दिसलं असतं."

मामाला हसू फुटलं आणि तिलाही. दोघं म्हातारी भावंडं खांबाआड तोंड लपवून हसत राहिली. मग मामा थांबला.

"ताई, त्याला सगळं सांगितलं मी. शपथ मोडली. आणि त्याने मला काढलं."

"मी समजावते त्याला."

"नको. तो चुकत नाहीये."

गाडीत मामा मागच्या सीटवर बसून पश्चात्ताप होतोय का ते चाचपून पाहत होता. पोराबद्दल होत होता, चांगला खोलवर. मखमलबद्दल कितीही खणलं तरी लागत नव्हता. उलट तो जांभळट चेहरा पुन्हा पुन्हा आठवून बरंच वाटत होतं.

घरी शेजारीण भावोजींपाशी बसली होती, ती उठून गेली. त्यांना खुर्चीतून पलंगावर न्यायची वेळ झाली होती. ते काम एकट्याचं नव्हतं. माणूस हाडापेराने मोठा आणि अंग सैल सोडलेलं. इतकी वर्षं रोज एका बाजूला मामा आणि एका बाजूला डावा असत. डावा वडिलांसमोर गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे, भुवईवरच्या जुन्या टाक्यांकडे बघत राहिला. मग त्याने उजव्या बगलेत हात घातला. मामा जायला वळला होता. तो थांबला आणि न बोलावता दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला.

डाव्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"उचला," तो म्हणाला.